तळव्यावर कोरलेलं साल

साउंडवेव्ह नावाचा एक निळा रोबो आहे. त्याची घडी घातली की हातात मावेल असा कॅसेट प्लेअर होतो. छातीवरचं झाकण उघडलं की आत छोटी कॅसेट बसते आणि त्या कॅसेटचाही पुन्हा पक्षी किंवा जॅग्वार होतो. जगभर हा रोबो १९८४ चा ट्रान्सफॉर्मर म्हणून ओळखला जातो. पण पहिल्या खेपेचं खेळणं उलटं करून भिंगाखाली धरा. प्लास्टिकवर जपानच्या टाकारा कंपनीचं नाव आणि १९७४, १९८३ अशी दोन सालं उठून आलेली दिसतील. १९८४ हे खोक्याचं साल. साच्याच्या पोलादात कोरलेली सालं वेगळीच आहेत.

माझी नजर आधी तिथेच जाते, कारण माझा धंदाच तो. बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये मोल्ड म्हणजे साचे घडवायचे, फुटले तर दुरुस्त करायचे, हेच मी करत आलो. बाटल्यांची झाकणं, स्विचच्या पेट्या, पंख्याच्या रेग्युलेटरची बटणं. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की आधी साच्याचे दोन भाग मिटतात तिथली पार्टिंग लाइन शोधायची, मग माल बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे बघायचे, मग माल आत कुठून शिरला ते गेटचं टोक चाचपायचं, ही सवय बोईसरच्या कुठल्याही डायफिटरला असते. रूप बदलणारे जुने रोबो मी जमवतो ते याच नजरेने. खोक्यांवरची चित्रं, कार्टून, पात्रांच्या गोष्टी यांवर माझाही जीव आहे. पण खेळण्याचा इतिहास म्हणजे साच्याचा इतिहास, असं माझं ठाम मत आहे. साचा कोणत्या देशात गेला, का गेला आणि तिथे त्यातून कसला माल निघाला, हे नीट पाहिलं तर त्या देशाने आपली दारं तेव्हा किती उघडी ठेवली होती ते कळतं.

त्या १९७४ पासून मागे जाऊ. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रोने जी. आय. जो नावाचा सुमारे बारा इंची सैनिक काढला. कपडे बदलता येणारा, सांध्यांत वाकणारा. टाकाराने त्याचा जपानसाठी परवाना घेतला आणि त्याच अंगावरून १९७२ मध्ये हेनशिन सायबॉर्ग घडवला. हात, पाय, छाती सगळं पारदर्शक, आत चकचकीत यंत्रं. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, तीच कल्पना तळहाताएवढी झाली आणि मायक्रोमॅन जन्मला. १९७३ च्या तेलसंकटात प्लास्टिक महागलं होतं, आकार आखडायला तेही एक कारण होतं. साउंडवेव्हच्या अंगावरचं १९७४ ते या मायक्रोमॅनचं. १९८३ मध्ये याच घराण्यात मायक्रोचेंज नावाची शाखा निघाली. घरातल्या वस्तू खऱ्या आकाराच्या आणि त्यांचे रोबो होणारे. पिस्तूल, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, कॅसेट प्लेअर. आणखी एक शाखा १९८० पासून वाढत होती, तिचं नाव डायक्लोन. तिच्या यंत्रांत बोटाच्या पेराएवढे चालक बसत. १९८२ मध्ये त्यात खऱ्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या कार रोबोंची भर पडली. कोजिन ओनो, शोजी कावामोरी यांच्यासारख्या आखणीकारांनी तेव्हा दारं, बोनेट, चाकं यांच्या ज्या घड्या बसवल्या, त्या मला आजही थक्क करतात. मोल्डचं काम केलेल्या माणसाला विचारा: गाडीचं दार रोबोचा हात व्हायचं असेल, तर त्या एका तुकड्याला दोन्ही रूपांत बाहेरची बाजू चांगली दिसावी लागते. म्हणजे इजेक्टर पिनांना ठसा उमटवायला जागाच उरत नाही. ती जागा त्यांनी शोधली. कागदावर, संगणकाशिवाय.

१९८३ च्या टोकियो टॉय शोमध्ये हॅस्ब्रोच्या माणसांनी ही खेळणी पाहिली. पुढच्याच वर्षी डायक्लोन आणि मायक्रोचेंज ही दोन घराणी एकत्र करून ट्रान्सफॉर्मर ही मालिका अमेरिकेत आली. साचे जपानचेच राहिले. काही रंग बदलले, आणि गोष्ट मात्र न्यूयॉर्कमध्ये मार्व्हल कॉमिक्सच्या कचेरीत लिहिली गेली. बॉब बुडियान्स्की या संपादकाने बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव दिले. डायक्लोनमधला बॅटल कॉन्व्हॉय हा लाल ट्रक ऑप्टिमस प्राइम झाला, मायक्रोचेंजमधलं वॉल्थर पिस्तूल मेगाट्रॉन झालं. १९८५ मध्ये टाकाराने तीच खेळणी ट्रान्सफॉर्मर याच नावाने जपानमध्ये परत आणली. अमेरिकी सैनिक जपानला गेला, तिथून ट्रक होऊन अमेरिकेला परतला आणि पुन्हा जपानला उतरला. वीस वर्षांतली ही ये-जा आहे.

सगळेच साचे टाकाराचे नव्हते. जेटफायर हे विमान टाकातोकू कंपनीचं, मॅक्रॉस या कार्टूनमधलं. टाकातोकूचं दिवाळं निघालं आणि साचे बंदाईकडे गेले. बंदाई टाकाराची स्पर्धक, म्हणून जपानच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते विमान विकलं गेलंच नाही. आणि बंदाईचे स्वतःचे मशीन रोबो अमेरिकेत टोंका कंपनीने गोबॉट म्हणून आणले होते. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली.

आता देशोदेशीच्या आवृत्त्यांकडे येतो. युरोपात सुरुवातीला माल वेगवेगळ्या दारांतून शिरला. इटलीत जीआयजी कंपनी डायक्लोनचे रोबो आपल्या नावाने विकत होती. फ्रान्समध्ये जूस्ट्रा होती. १९८४ मध्ये हॅस्ब्रोने मिल्टन ब्रॅडली ही कंपनी घेतली, तेव्हा युरोपात ट्रान्सफॉर्मर तिच्या शिक्क्याने आले. एकच रोबो तीन खोक्यांत सापडतो आणि तिन्हींत त्याच्या मुठी, क्षेपणास्त्रं, कधी रंगही थोडे वेगळे असतात. अमेरिकेत ही मालिका १९९० मध्ये थांबली, पण युरोपात आणखी काही वर्षं केवळ तिथेच मिळणारे रोबो निघत राहिले. जपानमध्ये १९८९ चा स्टार सेबर त्या काळी अमेरिकेने पाहिलाच नाही.

पण मला खरं वेड आहे ते दक्षिण अमेरिकेचं. ब्राझीलमध्ये त्या काळी परदेशी तयार खेळणी आणणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून माल गेला नाही, साचा गेला. साओ पाउलोच्या एस्ट्रेला कंपनीने मिनीबॉट म्हणजे मुठीत मावणाऱ्या लहान गाड्या तिथे ओतल्या. बम्बलबी, क्लिफजम्पर, ब्रॉन, गीअर्स ही ती मंडळी. ऑप्टिमस आणि मॅलिग्नस असे दोन तट करून तेच साचे दोन-दोन रंगांत काढले. अर्जेंटिनात अँटेक्स, मेक्सिकोत आयजीए आणि पेरूत लिन्सा यांनीही मिनीबॉट काढले. पेरूचे रंग तर अमेरिकेत कुणी स्वप्नातही पाहिले नसते. जो माल हाताशी, जो मास्टरबॅच म्हणजे रंगाचा दाणा शिल्लक, तो रंग. आज संग्राहक या पेरूच्या तुकड्यांसाठी अमेरिकी खोकाबंद खेळण्यापेक्षा जास्त पैसे मोजायला तयार होतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. अमेरिकेचा पिवळा बम्बलबी लाखोंच्या हातात गेला. लिमामधल्या एका पाळीत निघालेला माल मात्र मोजक्याच मुलांच्या घरी पोचला.

मोल्ड प्रवास करतो म्हणजे काय होतं, ते सांगतो. पोलादाच्या मोल्डमधून कित्येक लाख वेळा माल निघतो, पण त्याच्या कडा हळूहळू झिजतात. दोन भाग जिथे मिटतात तिथे माल झिरपतो आणि पापुद्र्यासारखी फ्लॅश येते. नव्या मोल्डच्या मालाला फ्लॅश नसते, चौथ्या देशात पोचलेल्या मोल्डच्या मालाला असते. कंपनीचं नाव बदलायचं असेल तर अक्षरांचा तेवढा इन्सर्ट काढून दुसरा बसवतात. त्याच्या चौकटीची बारीक रेघ प्लास्टिकवर कायमची उमटते. ती रेघ दिसली की समजायचं, इथे आधी कुणाचं तरी दुसरं नाव होतं.

आणि साचा गेला की नक्कल झाली, हे ओळखायला व्हर्निअर पुरतो. एबीएस प्लास्टिक गार होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन दीड ते दोन टक्के. कंपनीचा मोल्ड ही घट धरूनच मोठा कापलेला असतो. पण जो बाजारातलं तयार खेळणं समोर ठेवून त्यावरून मोल्ड उतरवतो, त्याच्या हातात आधीच आकसलेला तुकडा असतो, आणि त्याचा माल पुन्हा आकसतो. साठ मिलिमीटरचं अंग एकोणसाठ भरलं तर ते नक्कल आहे आणि बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं आहे. साठच भरलं आणि अक्षरांच्या जागी चौकटीची रेघ असली, तर खरा मोल्ड इथवर आला होता. नकलेत कोपरे गोल होतात, स्क्रूच्या डोक्याशेजारची अक्षरं पुसट होतात. हे ठरवायला खोकं लागत नाही.

आता आपल्याकडे. मी शाळेत होतो तेव्हा बोईसरमध्ये परदेशी खेळणं दोनच वाटांनी येई. कुणाचा मामा किंवा काका आखातात असे, त्याच्या बॅगेतून. नाहीतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून, जिथे मालाच्या मुळाबद्दल कुणी विचारत नसे. दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागे, पुढे ही-मॅन लागला. आमच्या इमारतीत ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्याकडे सगळी मुलं. रोबो म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मनगटातल्या घड्याळात बोलणारा मुलगा आणि उडणारा तो धिप्पाड रोबो येई. ट्रान्सफॉर्मर हा शब्द आम्हाला ठाऊक होता तो विजेच्या खांबाजवळच्या पेटीमुळे.

दार बंद होतं त्याची कारणं सरळ होती. परकीय चलन कमी, म्हणून ग्राहकाच्या वापराच्या वस्तू बाहेरून आणायच्या नाहीत. आणायचं तर यंत्र आणा, साचा आणा, माल इथे करा. ही रीत काय असते ते तारापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, तेव्हाच्या दोन्ही अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि अमेरिकेने इंधन व सुटे भाग देताना हात आखडता घेतला. त्यानंतर जे भाग तिकडून यायचे, ते इथल्याच इंजिनियरांनी आणि कारखान्यांनी घडवायला घेतले. परक्या आराखड्यावर आपल्या हाताचा भाग बसवायचा आणि यंत्र चालू ठेवायचं, हा या पट्ट्यातल्या एका पिढीचा रोजचा उद्योग होता. ज्या वयात मी पहिला रोबो हातात घेतला, त्या वयात माझ्याभोवतीची मोठी माणसं हेच करत होती. भारतातल्या खेळण्यांच्या आवृत्त्या मला परक्या वाटत नाहीत त्या म्हणूनच.

सूटकेसवाल्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या छापाखाली १९८० च्या दशकात मॅटेलची खेळणी भारतात होऊ लागली. ही-मॅनचे बाहुले, हॉट व्हील्सच्या गाड्या. लिओचे ही-मॅन आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात, कारण त्यांचे रंग आणि पट्टे कुठल्याच देशाशी जुळत नाहीत. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली. कचेरी चेन्नईत, कारखाना गोव्यात. फनस्कूलचा जी. आय. जो हा बारा इंची नव्हे, १९८२ मध्ये आलेला पावणेचार इंची. गंमत अशी की अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये बंद पडली आणि गोव्यात ती पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली. हॅस्ब्रोचे मोल्ड येत, गोव्याच्या मशीनवर चढत, इथले रंग लागत. तिकडे माल संपला तेव्हा अमेरिकेतले शौकीन भारतातून फनस्कूलच्या पुड्या मागवू लागले. टीव्हीवरच्या स्ट्रीट हॉकची मोटरसायकल आणि तिचा स्वारही फनस्कूलने त्याच मापात काढला. तो जगात दुसरीकडे निघालाच नाही.

जी. आय. जो हा रूप बदलणारा रोबो नाही, हे मला कळतं. पण वरची वंशावळ पुन्हा वाचा. टाकाराच्या रोबोंचा आजा जी. आय. जो आहे. तोच सैनिक धाकट्या मापात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि आम्हाला परवडेल अशा किमतीत बोईसरच्या स्टेशनरीच्या दुकानात टांगला गेला. फनस्कूलच्या खोक्यांतून पुढे ट्रान्सफॉर्मरही आले. तोवर माझ्या पिढीची मुलं कामाला लागली होती.

मग आमच्या लहानपणी रूप बदलणारं जे हातात होतं, ते काय होतं? ते होते बिननावाचे रोबो. जत्रेत, स्टेशनबाहेरच्या गाडीवर, चिंचणीच्या समुद्रावर सुट्टीच्या दिवशी चादर अंथरून बसणाऱ्याकडे. गाडीचं बोनेट उघडायचं, खालून पाय ओढायचे, डोकं वर करायचं, झाला रोबो. काही तैवान, हाँगकाँगच्या नकला. पण बरेचसे इथलेच. कोणी म्हणेल, पुरावा काय? पुरावा प्लास्टिकमध्येच आहे. पाठीमागच्या अंगात दुधी आणि करड्या रंगाच्या लाटा दिसतात, कारण स्प्रू आणि रनर म्हणजे साच्याच्या वाटांत उरलेल्या प्लास्टिकचा चुरा करून, त्यात मिळेल तो भंगार दाणा मिसळून पुन्हा ओतला आहे. डोक्यावर चांदी चढवलेली ती व्हॅक्यूमची, नखाने निघणारी. स्क्रूऐवजी पिन ठोकून तिचं डोकं दाबलेलं. आणि मोल्डच्या भिंतीवर हाताने मारलेल्या पॉलिश पेपरचे ओरखडे, जे थेट खेळण्याच्या अंगावर उतरलेले असतात. मुंबई, वसई, दमण या पट्ट्यात हँड मोल्डिंगच्या मशीनवर जो माल निघे, त्याची ही सगळी लक्षणं मी नोकरीत रोज पाहिली आहेत.

अशा खेळण्याचा डाय कुणी केला असेल, याचा विचार करताना माझं लक्ष आमच्या शेजारच्या गावांकडे जातं. चिंचणी, वरोर, वाढवण ही डायमेकरांची गावं. दागिन्यांचे नक्षीचे डाय इथे घरोघर घडतात. पोलादाच्या ठोकळ्यात टाकणीने पानफूल कोरायचं, मग त्यावर सोन्याचा किंवा पितळेचा पत्रा दाबून नक्षी उठवायची. झवेरी बाजारातल्या कितीतरी बांगड्यांचं मूळ या घरांच्या ओट्यावर आहे. सरकारच्या वाढवण बंदर प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांत मच्छीमार आणि बागायतदारांच्या बरोबरीने डायमेकरही उभे राहिले, ते उगाच नाही. हात गेला तर तो दुसऱ्या गावात पेरता येत नाही.

वरोरच्या एका वयस्कर डायमेकरांना मी माझ्याकडचा एक लाल बिननावाचा रोबो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रोबोची छाती उन्हाकडे तिरकी धरली.

“भाऊ, ही छाती मशीनवर नाही झाली. ही जाळी टाकणीने मारलेली. बघा, उजवीकडची रेघ खोल आहे, डावीकडची उथळ. हात उजवीकडून चालला.”

“बाबा, आपल्याकडच्या कुणाचं काम असेल का?”

“आपल्याकडचे लोक तेव्हा मुंबईला कामाला होतेच की. भुलेश्वरला, काळबादेवीला. कोणाकडून कोणी काय करून घेतलं, ते कोण लिहून ठेवणार?”

यावर मी अजून विचार करतो आहे. जपानी मोल्डवर अशी जाळी पँटोग्राफ मशीनने किंवा विजेच्या ठिणगीने झिजवणाऱ्या स्पार्क मशीनने कोरलेली असते, सगळ्या रेघा एका खोलीच्या. माझ्या लाल रोबोची छाती कुणा माणसाने मनगटाने कोरली आहे. ब्राझीलच्या किंवा पेरूच्या मिनीबॉटच्या रंगांच्या याद्या झाल्या. या लाल रोबोला मात्र अजून कुठल्याच यादीत जागा नाही, कारण त्याच्यावर नाव नाही. मला हे मान्य नाही. परवाना घेऊन आलेला साचा जितका इतिहास आहे, तितकाच बंद दारामागे कुणी हाताने कोरलेला साचाही आहे. लोक त्याला नक्कल म्हणतात, आणि ती आहेच. पण कारागिराला मूळ खेळणं फार तर एखादा दिवस मिळालं असेल, त्याच्याकडे स्पार्क मशीन नव्हतं, एबीएस नव्हतं, तरी बोनेट उघडतं आणि डोकं वर येतं. घडीचं कोडं त्यानेही सोडवलं.

हे रोबो मिळतात कुठे? पालघरच्या भंगारवाल्यांकडे प्लास्टिक प्रकारानुसार वेगळं होतं. पाण्यात बुडतं ते एक, तरंगतं ते दुसरं, जाळून वासावरून ओळखायचं ते तिसरं. खेळणी मिश्र असतात, आत लोखंडी पिन आणि स्क्रू, म्हणून ती बाजूला पडतात. मी तिथेच शोधतो. २०१३ मध्ये विरार ते डहाणू लोकल सुरू झाली तेव्हापासून वसई, नालासोपाऱ्याच्या भंगाराच्या वखारीही सोप्या झाल्या. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर शुक्रवारी सकाळी अजून काही ना काही निघतं, पण तिथे आता विक्रेत्यांना सगळे भाव पाठ असतात.

समुद्राजवळ राहणाऱ्याला हा माल टिकवणं अवघड जातं. खारी हवा स्क्रू आणि स्प्रिंग गंजवते, गंज फुगून स्क्रू धरणारा एबीएसचा बॉस चिरतो. म्हणून जुना रोबो हातात आला की आधी स्क्रू सोडवून तेलाचा बारीक हात द्यायचा. रबरी टायर काढून ठेवायचे, कारण रबरातलं तेल पाझरून शेजारचं प्लास्टिक वितळवतं. सोनेरी झाक असलेल्या रोबोंना तर घडी घालायची भीती वाटते. त्या प्लास्टिकमध्ये धातूचा वर्ख मिसळलेला असतो आणि कालांतराने ते बिस्किटासारखं तुटतं. पांढरा भाग उन्हाने पिवळा पडतो, पावसाळ्यात स्टिकर उठतात. खोकाबंद ठेवणारे संग्राहक खेळणं पारदर्शक पेटीत सील करून त्याला गुण देऊन घेतात. त्यांची काळजी मला समजते, पण मी तसं करत नाही. रूप बदलणं हेच ज्याचं काम, त्याची घडी वर्षातून एकदा तरी घातली पाहिजे. सांधा कुठे जड झाला ते हातालाच कळतं.

१ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठले आणि बाजारात चीनहून आलेल्या खेळण्यांचा लोंढा आला. त्या लोंढ्यात इथले हँड मोल्डिंगवाले टिकले नाहीत. बिननावाचे देशी रोबो तिथेच संपतात. २००७ मध्ये ट्रान्सफॉर्मरचा चित्रपट आला आणि बोईसरमधली मुलंही ऑप्टिमस प्राइम म्हणू लागली. मग दार पुन्हा थोडं लोटलं गेलं. जानेवारी २००९ मध्ये सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली, पुढे प्रमाणपत्राची अट घालून ती सैल केली. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण नसलेलं खेळणं विकताच येत नाही. बाहेरून जुना रोबो मागवणाऱ्याला याचा फटका बसतो, कधी शुल्क खेळण्याच्या किमतीच्या जवळ जातं. तरी मोल्डवाला म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. आयएसआय खूण घेण्यासाठी टोकं बोथट करावी लागतात, लहान भाग ओढून सुटत नाहीत ना ते तपासावं लागतं, रंगातलं शिसं मोजावं लागतं. माझ्या लाल रोबोच्या रंगाची तपासणी कुणी केली नव्हती, आणि तो आम्ही तोंडात धरत होतो.

वसई आणि पालघरच्या गाळ्यांत आता पुन्हा खेळण्यांचे मोल्ड मशीनवर चढू लागले आहेत, या वेळी सीएनसीवर कापलेले. आमच्या ओळखीच्या टूलरूमवाल्यांना मी एक विनंती करतो: मोल्डच्या आतल्या बाजूला, जिथे ग्राहकाला दिसणार नाही, तिथे गावाचं नाव आणि साल कोरा. अर्धा मिलिमीटर खोल पुरे. काहींनी ऐकलं आहे. एका गाडीच्या तळाशी पालघर, २०२२ असं आलेलं मी पाहिलं. ती गाडी घडी घातली की रोबो होते, आणि सांधे चांगले घट्ट आहेत.